सहारा बुडालं तेव्हा बीसीसीआयला पैसे मिळाले, ठेवीदारांना का नाही मिळाले?

ऑगस्ट २०२५ मध्ये टीम इंडियाच्या जर्सीवरून ड्रीम ११ चं नाव गेलं आणि सोशल मीडियावर एक जुना मीम परत फिरायला लागला. सहारा आलं, बुडालं. बायजूज आलं, बुडालं. ड्रीम ११ आलं, त्यांचा मुख्य धंदाच कायद्यानं बंद झाला. थोडक्यात काय, तर टीम इंडियाच्या जर्सीला शाप आहे. छातीवर जो नाव टाकतो त्याचं दिवाळं निघतं.

मीम म्हणून भारी आहे, पण ही तिन्ही प्रकरणं एकमेकांपेक्षा पार वेगळी आहेत. ड्रीम ११ कर्जात बुडालेलं नव्हतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर संसदेनं बंदी घातली आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. बायजूजच्या डोक्यावर परदेशी कर्जदात्यांचं कर्ज होतं. मधल्या काळात स्टार आणि ओप्पोही जर्सीवर येऊन गेले, त्यांचं काही दिवाळं निघालं नाही.

या सगळ्यांत सहाराचं प्रकरण वेगळं ठरतं ते एका कारणामुळं. सहाराचं देणं कुठल्या बँकेपेक्षा किंवा फंडापेक्षा जास्त साध्या माणसांचं होतं. चहाची टपरी चालवणारे, भाजी विकणारे, शेतमजूर, रोज दहा-वीस रुपये बाजूला टाकणारे लोक.

आणि त्याच काळात सहाराकडून आणखी काही जणांना पैसे यायचे होते. बीसीसीआयला, पुण्याजवळच्या गहुंजेच्या स्टेडियमला, भारतीय हॉकीला, फॉर्म्युला वनच्या एका टीमला. म्हणजे देणेकरी एक आणि त्याच्या दारात उभे असलेले लोक पाच प्रकारचे. यातल्या कुणाला किती मिळालं, कधी मिळालं आणि का मिळालं, हे बघितलं की खेळातल्या ‘दानशूर’ घराण्यांचं अख्खं गणित समजतं.

सहारा आलं कुठून?

सुब्रत रॉय यांचा जन्म १९४८ चा, बिहारमधल्या अररियाचा. १९७८ मध्ये त्यांनी उत्तर प्रदेशातल्या गोरखपूरमधून सहाराचा कारभार सुरू केला. हातात दोन हजार रुपये आणि एक लॅम्ब्रेटा स्कूटर होती, अशी गोष्ट कायम सांगितली जाते.

धंदा साधा होता. ज्यांच्या दारात बँक कधी गेली नाही, त्यांच्या दारात सहाराचा एजंट जायचा. रोजचे थोडे पैसे घ्यायचा, पुस्तकात नोंद करायचा आणि मुदत संपली की व्याजासकट परत मिळतील असं सांगायचा. हा एजंट कुणी परका नसायचा. गावातलाच, ओळखीतला, बऱ्याचदा नात्यातला. पैसा कंपनीच्या नावावर जायचा, पण विश्वास त्या माणसावर असायचा.

बघता बघता हा पसारा देशभर गेला. विमान कंपनी झाली, टीव्ही चॅनेल झाली, वर्तमानपत्र झालं, लोणावळ्याजवळ मुळशी तालुक्यात ॲम्बी व्हॅली उभी राहिली. समूहाचं नाव ‘सहारा इंडिया परिवार’. रॉय स्वतःला मालक म्हणवून घेत नसत, त्यांचं पद होतं ‘मॅनेजिंग वर्कर’. लोक त्यांना सहाराश्री म्हणायचे. रेल्वेनंतर देशात सगळ्यात जास्त लोकांना काम देणारे आपणच, असं समूहाकडून सांगितलं जायचं.

मग क्रिकेट, हॉकी आणि फॉर्म्युला वन कशासाठी?

२००१ मध्ये सहारा टीम इंडियाच्या जर्सीवर आलं. पुढची जवळपास तेरा वर्षं, म्हणजे २०१३ च्या डिसेंबरपर्यंत ते नाव तिथं होतं. २००३ च्या वर्ल्ड कपची फायनल, २००७ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप, २०११ ची वानखेडेवरची रात्र. एका अख्ख्या पिढीच्या आठवणीत भारताची जर्सी म्हणजे निळा रंग आणि त्यावर ‘सहारा’.

हॉकीतही २००३ पासून सहारा होतं. हे मान्य करायला पाहिजे, कारण त्या काळात हॉकीला प्रायोजक मिळणं मुश्किल होतं. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकसाठी भारतीय पुरुष संघ पात्रसुद्धा ठरला नव्हता. अशा वाईट दिवसांतही त्यांनी हॉकीचा हात सोडला नाही. कुस्ती, बॉक्सिंग, तिरंदाजी यांसारख्या खेळांतल्या खेळाडूंनाही सहाराकडून मदत मिळाली.

२०१० च्या मार्चमध्ये आयपीएलच्या दोन नव्या टीमचा लिलाव झाला. पुण्यासाठी सहारानं ३७ कोटी डॉलरची बोली लावली. त्या वेळच्या हिशोबानं साधारण १,७०० कोटी रुपये. तोवरची ही आयपीएलमधली सगळ्यात महाग टीम. त्याच वर्षी टीम इंडियाच्या जर्सीचा करार वाढवून घेतला, तो दर मॅचला ३ कोटी ३४ लाख रुपये या दरानं. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये विजय मल्ल्या यांच्या फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन टीममध्ये ४२.५ टक्के हिस्सा घेतला, त्याची किंमत १० कोटी डॉलर.

आता एवढा पैसा खेळात का ओतायचा?

खेळावरचं प्रेम हे एक उत्तर झालं. ते खोटं आहे असं म्हणायचं कारण नाही. पण ठेवी गोळा करणाऱ्या कंपनीच्या बाजूनं विचार करा. तुमचा ग्राहक ताळेबंद वाचत नाही. रेटिंग एजन्सी काय म्हणते हे त्याला माहीत नसतं. त्याला एकच प्रश्न पडतो, पैसे घेऊन हे लोक पळून तर जाणार नाहीत ना? अशा वेळी एजंटनं टीव्हीकडं बोट दाखवायचं. सचिनच्या छातीवर आमचं नाव आहे, आम्ही कुठं पळणार? कुठल्याही जाहिरातीत हे सांगावं लागत नव्हतं, जर्सी ते आपोआप सांगत होती.

म्हणजे खेळाला मिळालेला पैसा एका बाजूनं मदत होता आणि दुसऱ्या बाजूनं पत विकत घेण्याचा खर्च होता. ही पत पुन्हा ठेवी गोळा करायच्या कामाला यायची.

देणं उघडं कसं पडलं?

याची सुरुवात सहाराच्याच एका कागदामुळं झाली. २००९ मध्ये समूहातल्या सहारा प्राइम सिटी या कंपनीला शेअर बाजारात यायचं होतं. त्यासाठी सेबीकडं प्रस्ताव द्यावा लागतो आणि त्यात समूहातल्या इतर कंपन्यांचीही माहिती द्यावी लागते. ती वाचताना सेबीच्या लक्षात आलं की सहारा इंडिया रिअल इस्टेट आणि सहारा हाउसिंग या दोन कंपन्या लोकांकडून कर्जरोख्यांच्या नावाखाली प्रचंड पैसा गोळा करत आहेत.

या रोख्यांचं नाव होतं ‘ओएफसीडी’. म्हणजे असे कर्जरोखे जे गुंतवणूकदाराला वाटलं तर पुढं शेअरमध्ये बदलता येतात. सहाराचं म्हणणं होतं की हा खासगी व्यवहार आहे, आम्ही आमच्या परिवारातल्याच लोकांकडून पैसे घेतोय, सेबीचा संबंध नाही. कायदा मात्र असं म्हणत होता की ५० किंवा त्याहून जास्त लोकांकडं असा प्रस्ताव नेला की तो खासगी राहत नाही. इथं तर गुंतवणूकदारांचा आकडा तीन कोटींच्या घरात होता. तीन कोटी लोकांचा ‘परिवार’.

जून २०११ मध्ये सेबीनं पैसे परत करायचा आदेश काढला. त्याविरुद्ध सहारा अपिलात गेलं आणि ऑक्टोबर २०११ मध्ये तिथंही हरलं. इथं तारखा जरा नीट बघा. फोर्स इंडियात दहा कोटी डॉलर घालायची घोषणा याच ऑक्टोबर महिन्यातली. ज्या महिन्यात लोकांचे पैसे परत करा असा आदेश कायम झाला, त्याच महिन्यात समूह रेसिंग टीमचा भागीदार झाला.

३१ ऑगस्ट २०१२ ला सुप्रीम कोर्टानं शेवटचा निकाल दिला. २४ हजार कोटींहून जास्त रक्कम १५ टक्के व्याजासकट तीन महिन्यांत सेबीकडं भरा, सेबी ती गुंतवणूकदारांना देईल. यावर सहारानं काय केलं, तर गुंतवणूकदारांच्या कागदपत्रांनी भरलेले १२७ ट्रक मुंबईत सेबीकडं पाठवून दिले. एवढे कागद ठेवायचे कुठं आणि तपासायचे कुणी, हाच सेबीपुढं प्रश्न पडला.

५,१२० कोटींचा पहिला हप्ता आला, पुढचे चुकले. २८ फेब्रुवारी २०१४ ला रॉय यांना लखनौमध्ये अटक झाली आणि काही दिवसांत ते तिहारमध्ये गेले. जामिनासाठी अट होती १० हजार कोटींची. परदेशातली हॉटेलं विकून पैसे उभे करता यावेत म्हणून कोर्टानं त्यांना तुरुंगाच्या आवारातच बोलणी करायची सोयसुद्धा करून दिली. २०१६ मध्ये आईच्या निधनानंतर ते पॅरोलवर बाहेर आले. १४ नोव्हेंबर २०२३ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. तोवर देणं फिटलेलं नव्हतं.

आता दारात उभ्या असलेल्या त्या पाच जणांकडं येऊ.

पहिला : बीसीसीआय

पुणे वॉरियर्सच्या फीवरून सहारा आणि बीसीसीआयचं वाजलेलं होतं. सहाराचं म्हणणं होतं की सीझनमध्ये ९४ मॅच होतील असं धरून आम्ही बोली लावली, प्रत्यक्षात ७४ च झाल्या, तेव्हा फी कमी करा. मुद्द्यात दम नव्हता असं नाही. पण वाद मिटायच्या आधीच २०१३ मध्ये फी थकली.

बीसीसीआयनं काय केलं? कोर्टात गेले नाहीत, उपोषणाला बसले नाहीत. त्यांच्याकडं सहाराची बँक गॅरंटी होती. बँक गॅरंटी म्हणजे ‘या माणसानं पैसे दिले नाहीत तर आम्ही देऊ’ असं बँकेनं लिहून दिलेलं असतं. बोर्डानं मे २०१३ मध्ये ती वटवली. रक्कम होती १७० कोटींच्या वर. सहारानं चिडून आयपीएल सोडत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या सीझनची गॅरंटी आली नाही म्हणून ऑक्टोबरमध्ये बोर्डानं फ्रँचायझीच रद्द करून टाकली.

बोर्डाचं नुकसान झालंच नाही असं नाही. दहा वर्षांच्या कराराचे तीनच सीझन झाले. जर्सीचा पुढचा करार स्टारला गेला तो दर मॅचला १ कोटी ९२ लाखांना, म्हणजे सहाराच्या दरापेक्षा खूप खाली. सहारानं दर फुगवून ठेवला होता, तो खाली बसला. पण थकलेल्या पैशासाठी बोर्डाला काही आठवड्यांपेक्षा जास्त थांबावं लागलं नाही.

दुसरं : गहुंजेचं स्टेडियम

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरून जाताना दिसणारं हे स्टेडियम २०१२ मध्ये सुरू झालं. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशननं, म्हणजे एमसीएनं, ते बांधताना बँकांकडून कर्ज घेतलं. स्टेडियमला नाव द्यायचे हक्क सहारानं घेतले. रक्कम ठरली २०० कोटींहून थोडी जास्त आणि नाव पडलं ‘सुब्रत रॉय सहारा स्टेडियम’.

नाव लागलं, पण ठरलेल्या रकमेतला बराच मोठा भाग आलाच नाही. २०१३ मध्ये एमसीएनं ते नाव उतरवलं. पुणे वॉरियर्सही गेली, म्हणजे घरच्या आयपीएल मॅचचं उत्पन्नही गेलं.

पण बँकेचं कर्ज काही नावासोबत उतरत नाही. २०१८ च्या सुरुवातीला बँक ऑफ महाराष्ट्रनं साधारण ६९ कोटींच्या थकबाकीसाठी या स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतला. म्हणजे कागदावर ताबा बँकेचा, मैदानावर खेळ चालू. सहाराच्या देण्याचा धक्का असा एका पायरीनं खाली सरकला. सहारानं एमसीएला दिले नाहीत आणि एमसीए बँकेची थकबाकीदार झाली.

एमसीएकडं बीसीसीआयसारखी लगेच वटवता येईल अशी गॅरंटी नव्हती. पण एक गोष्ट होती, स्टेडियम. जमीन आणि सिमेंट कुठं जात नाही. त्याच वर्षी चेन्नईच्या घरच्या मॅच पुण्यात आल्या, २०२३ च्या वर्ल्ड कपच्या पाच मॅच तिथं झाल्या. स्टेडियम सावरलं. पण पुण्याची स्वतःची आयपीएल टीम मात्र २०१७ नंतर नाही.

तिसरी : फोर्स इंडिया

या टीमची गंमत अशी होती की दोन्ही भारतीय मालक देण्यात बुडालेले. मल्ल्या भारतीय बँकांचं कर्ज थकवून इंग्लंडमध्ये, रॉय आधी तुरुंगात आणि मग पॅरोलवर. टीम मात्र ट्रॅकवर चांगली पळत होती. २०१६ आणि २०१७ मध्ये कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिपमध्ये चौथी आली.

२७ जुलै २०१८ ला लंडनच्या हायकोर्टात टीमवर प्रशासक नेमला गेला. यासाठी पाऊल उचलणाऱ्यांत टीमचा स्वतःचा ड्रायव्हर सर्जिओ पेरेझ होता. त्याचे पैसे थकले होते आणि टीम पूर्ण बंद पडण्यापेक्षा प्रशासकाच्या हातात गेलेली बरी, असं त्याचं म्हणणं होतं.

पुढं काय झालं? ७ ऑगस्टला कॅनडाचे उद्योगपती लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटानं टीम वाचवल्याची घोषणा झाली. ४०५ लोकांच्या नोकऱ्या राहिल्या. देणेकऱ्यांचे सगळे पैसे दिले जातील असं प्रशासकांनी जाहीर केलं. या सगळ्याला लागले दोन आठवड्यांपेक्षाही कमी दिवस. आज तीच टीम ॲस्टन मार्टिन या नावानं पळते.

इथं मालक कंगाल झाला तरी टीम वाचली, कारण मालकाचा खिसा आणि टीमचा धंदा कायद्यानं वेगळा काढता आला. विकण्यासारखी वस्तू होती आणि ती पटकन विकणारी यंत्रणा होती.

चौथी : हॉकी

हॉकीची गोष्ट त्यामानानं शांतपणे मिटली. सहाराची ताकद कमी होत गेली आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ओडिशा सरकारनं पुरुष आणि महिला दोन्ही संघांचं प्रायोजकत्व घेतलं. २०२१ मध्ये टोकियोला पुरुष संघानं ४१ वर्षांनी ऑलिम्पिक पदक आणलं तेव्हा जर्सीवर ओडिशा होतं.

हॉकीसाठी हे चांगलंच झालं. पण पैसा कुणाचा आला, तर एका राज्याच्या तिजोरीतला. एका घराण्याची दानत संपली की खेळ जगवायचा खर्च शेवटी करदात्याकडं येतो, याचं हे उदाहरण.

पाचवा : ठेवीदार

आता सगळ्यात मोठा गट. या लोकांकडं काय होतं? एक पासबुक किंवा एक सर्टिफिकेट, बाकी काही नाही. बँक गॅरंटी नाही. तारण नाही. प्रशासक नेमायला लावणारा वकील नाही.

त्यांच्या बाजूनं सेबी होती आणि सुप्रीम कोर्टाचा निकालही होता. तरी मिळालं काय? सेबीच्या सहारा खात्यात २०२३ च्या मार्चअखेर २५ हजार कोटींहून जास्त रक्कम पडून होती. त्यातून या रोख्यांच्या गुंतवणूकदारांना तोवर परत गेले होते फक्त १३८ कोटींच्या आसपास.

हे कसं काय? यावर दोन बाजू आहेत. सहाराचं म्हणणं, आम्ही बहुतेकांचे पैसे आधीच दिले होते, म्हणून मागायला कुणी आलं नाही. दुसरी बाजू म्हणते, यादीतली नावं आणि पत्तेच अर्धवट होते. काही माणसं सापडतच नव्हती. काहींचे पैसे मुदत संपल्यावर हातात द्यायच्या ऐवजी समूहाशी जोडलेल्या सहकारी संस्थांच्या ठेवींमध्ये वळवले गेले. ज्याच्या हातात नवी पावती आली, त्याला जुने पैसे ‘मिळाले’ असंच कागदावर दिसणार.

या सहकारी संस्था चार. सहारा क्रेडिट, सहारायन युनिव्हर्सल, हमारा इंडिया आणि स्टार्स मल्टिपर्पज. सेबीनं एक दार बंद केल्यावर ठेवी या दुसऱ्या दारानं येत राहिल्या. हा पैसाही पुढं समूहाकडं वळवला गेला, असं केंद्र सरकारनं सुप्रीम कोर्टात सांगितलं. शेवटी मार्च २०२३ मध्ये कोर्टानं सेबीच्या खात्यातले ५ हजार कोटी या संस्थांच्या ठेवीदारांसाठी द्यायला परवानगी दिली. जुलै २०२३ मध्ये परताव्याचं सरकारी पोर्टल सुरू झालं.

सुरुवातीला एका ठेवीदाराला जास्तीत जास्त १० हजार रुपये मिळायचे. सप्टेंबर २०२४ मध्ये ही मर्यादा ५० हजार झाली. २०२५ च्या मध्यापर्यंत साधारण २६ लाख लोकांना मिळून ५ हजार कोटींच्या आसपास रक्कम गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये कोर्टानं आणखी ५ हजार कोटी द्यायला मान्यता दिली आणि मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली.

बीसीसीआयला काही आठवडे लागले. फोर्स इंडियाला दोन आठवडे. ठेवीदारांना २०१२ च्या निकालापासून तेरा वर्षं झालीत आणि वाटप अजून चालू आहे. मधल्या काळात ज्या पोरीच्या लग्नासाठी पैसे ठेवले तिचं लग्न उधारीवर झालं असेल, ज्या आजारासाठी ठेवले तो माणूस गेला असेल. पैसे वेळेवर न मिळणं हाही तोटाच असतो, पण कुठल्याही परताव्यात तो मोजला जात नाही.

यात अजून एक माणूस भरडला गेला, तो म्हणजे एजंट. कमिशनवर काम करणारा, गावातच राहणारा. कंपनीचं ऑफिस बंद झालं, पण त्याचं घर कुठं हलणार? लोक त्याच्याच दारात जाऊन उभे राहिले. काही ठिकाणी गुन्हेही त्याच्यावरच नोंदवले गेले. समूहातले कर्मचारीही थकलेल्या पगारासाठी कोर्टापर्यंत गेले.

आता कुटुंबाचं आणि मालमत्तेचं काय चाललंय?

एप्रिल २०२५ मध्ये ईडीनं ॲम्बी व्हॅलीतली ७०७ एकर जमीन जप्त केली. तिची किंमत सांगितली गेली साधारण १,४६० कोटी. सप्टेंबरमध्ये ईडीनं आरोपपत्र दाखल केलं, त्यात रॉय यांच्या कुटुंबातल्या सदस्यांचीही नावं आहेत. हे आरोप अजून कोर्टात सिद्ध व्हायचे आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲम्बी व्हॅलीसकट ८८ मालमत्ता अदानी समूहातल्या कंपनीला एकगठ्ठा विकू द्याव्यात, असा सहाराचा अर्ज सुप्रीम कोर्टापुढं आला.

ॲम्बी व्हॅलीच्या लिलावाचा प्रयत्न कोर्टानं २०१७ मध्येच करून बघितला होता. तेव्हा गिऱ्हाईक मिळालं नाही. वाद असलेली, जप्ती लागलेली, एवढी अवाढव्य मालमत्ता घेणार कोण? कागदावर हजारो कोटींची असलेली जमीन ठेवीदाराच्या खात्यात पन्नास हजार रुपये म्हणून उतरायला इतकी वर्षं का लागतात, त्याचं एक कारण हे.

मग यातून बोर्ड शिकलं का?

बायजूजच्या वेळी बीसीसीआयचे १५८ कोटी ९० लाख थकले. बोर्ड दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेलं आणि जुलै २०२४ मध्ये बायजूजवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. लगेच संस्थापकांच्या भावाकडून बोर्डाचे पैसे भरून प्रकरण मिटवायचं ठरलं. अपिलीय न्यायाधिकरणानं मान्यताही दिली. पण परदेशी कर्जदाते सुप्रीम कोर्टात गेले. बाकीच्यांचे हजारो कोटी अडकलेले असताना एकालाच आधी पैसे कसे मिळतात, असा त्यांचा सवाल होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती तडजोड रद्द केली आणि ती रक्कम कर्जदात्यांच्या समितीकडं जमा करायला सांगितलं.

सहाराच्या वेळी हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. गॅरंटी ज्याच्या हातात तो वसूल करून मोकळा झाला. कायद्यात ते बसतंही. पण जर्सीवर नाव लावायचं, त्या नावाच्या जिवावर गावोगाव ठेवी गोळा व्हायच्या, आणि बुडायची वेळ आली की खेळाच्या संस्थेनं आपला हिशोब चुकता करून घ्यायचा आणि ठेवीदारानं पोर्टलवर अर्ज करायचा. यात कायदा मोडला नसेल, पण जर्सी भाड्यानं देणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही का, हा प्रश्न राहतोच.

निदान एवढं तरी करता येईल की ठेवी गोळा करणाऱ्या कंपनीला प्रायोजक करताना तिच्यावर सेबीची किंवा रिझर्व्ह बँकेची कारवाई चालू आहे का, हे आधी तपासावं. रिझर्व्ह बँकेनं २००८ मध्येच सहाराच्या वित्त कंपनीला नव्या ठेवी घ्यायला मनाई करायचं पाऊल उचललं होतं. त्यानंतर दोन वर्षांनी पुण्याची टीमही विकली गेली आणि जर्सीचा करारही वाढला.

तुमच्या कामाच्या दोन गोष्टी

एक. तुमच्या घरात, ओळखीत कुणाची या चार सहकारी संस्थांमध्ये ठेव असेल तर अर्ज सहकार खात्याच्या केंद्रीय निबंधकांच्या सहारा रिफंड पोर्टलवरच होतो. आधारला जोडलेला मोबाइल नंबर आणि आधारला जोडलेलं बँक खातं लागतं. ५० हजार किंवा त्याहून मोठ्या दाव्याला पॅन लागतं. अर्जाला फी नाही. पैसे काढून देतो म्हणून कुणी कमिशन मागत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

दोन. बँकेतल्या ठेवीला, मग ती नागरी सहकारी बँक का असेना, पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायटी यांच्या ठेवींना ते नाही. दोन्हीच्या पाटीवर ‘सहकारी’ लिहिलेलं असतं, दोन्हीकडं पासबुक मिळतं, व्याज तर दुसरीकडं जास्तच असतं. पण बुडायची वेळ आली की हा एकच फरक कामाला येतो. एजंटनं कुठल्या खेळाडूचा फोटो दाखवला याला तेव्हा काही किंमत नसते. पैसे द्यायच्या आधी त्याला एवढंच विचारा, ही बँक आहे की सोसायटी?